फाइल ॲपपासून लपवा, मालकापासून नको

संपादक महोदय,

मोबाइलमध्ये फाइल सिस्टीम, म्हणजे फोनमधल्या फाइली-फोल्डरांची मांडणी, किती दिसावी, यावरची चर्चा बहुतेक वेळा 'सगळं उघडं ठेवा' किंवा 'सगळं झाका' इथेच अडकते. मुळात इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. एका ॲपची फाइल दुसऱ्या ॲपला वाचता यावी का, हा एक प्रश्न. ती फोनच्या मालकाला दिसावी का, हा अगदी वेगळा.

पहिल्याचं उत्तर 'नाही' असंच हवं. पूर्वी अँड्रॉइडमध्ये स्टोरेजची परवानगी एकदा दिली की साधं टॉर्चचं ॲपही शेअर्ड स्टोरेजमधले (सगळ्या ॲप्सच्या सामाईक जागेतले) फोटो आणि पीडीएफ चाळू शकत असे. अँड्रॉइड १० मध्ये (२०१९) स्कोप्ड स्टोरेज, म्हणजे प्रत्येक ॲपला आपल्यापुरत्याच फाइली दाखवणारी पद्धत, आलं, पुढच्या वर्षी अँड्रॉइड ११ ने नियम आणखी आवळले. हे योग्यच झालं. पण त्याच झपाट्यात 'अँड्रॉइड/डेटा' हे ॲप्स आपापल्या फाइली ठेवतात ते फोल्डर मालकाच्याही नजरेआड गेलं. एखाद्या ॲपने तिथे रेकॉर्डिंग ठेवलं, तर फाइल मॅनेजरमधून सहसा तिथवर पोचता येत नाही. केबलने संगणकाला जोडल्यावर मात्र अनेक फोनांत तेच फोल्डर बिनबोभाट उघडतं! आणि ॲप अनइन्स्टॉल केलं की रेकॉर्डिंग थेट पुसलं जातं, ट्रॅशमध्येही सापडत नाही.

आयफोनमध्ये 'फाइल्स' ॲप २०१७ साली आयओएस ११ बरोबर आलं. तिथे एखाद्या ॲपचं फोल्डर 'ऑन माय आयफोन'खाली दिसेल की नाही, हे ॲप बनवणारा ठरवतो. ॲपच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याने दोन नोंदी चालू केल्या की काम होतं. हा निर्णय त्याच्या मर्जीवर का सोडायचा, हे मला तरी पटत नाही.

सरसकट सगळं दाखवणंही घातकच. अनेक ॲप्स आपल्या नोंदी एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसच्या फाइलमध्ये ठेवतात; तिच्याशेजारी कधीकधी '-वॉल' (-wal) शेपटाची फाइल असते. दिसायला कचरा, पण मुख्य फाइलमध्ये अजून न गेलेल्या ताज्या नोंदी तिच्यातच असतात. जागा करायला कुणी ती उडवली, तर त्या नोंदी गेल्या. कॅशे (ॲपने वेगासाठी साठवलेल्या प्रती), डेटाबेस, तात्पुरत्या फाइली झाकलेल्याच बऱ्या. वापरणाऱ्याने स्वतः बनवलेलं किंवा डाउनलोड केलेलं मात्र आपोआप दिसलं पाहिजे. नुसतं 'सेव्ह झालं' न म्हणता कुठे झालं ते फोनने सांगावं, आणि ॲप काढताना सोबत किती फाइली जाणार, तेही.

तोवर ॲप काढण्याआधी आतल्या फाइली 'एक्सपोर्ट' किंवा 'सेव्ह टू फाइल्स'ने बाहेर काढाव्यात, पण त्याच ॲपच्या फोल्डरात नव्हे. तेही ॲपबरोबरच जातं. आयफोनवर फक्त जागा हवी असेल, तर सेटिंग्ज, जनरल, आयफोन स्टोरेज इथे जाऊन, यादीतल्या त्या ॲपवर टॅप करून 'ऑफलोड ॲप' निवडावं. ॲप जातं, कागदपत्रं राहतात. त्याच्याच खालच्या 'डिलीट ॲप'ने दोन्ही जातात.

– एक मोबाइल ॲप विकसक