वॉलमार्टातल्या बंदुका: बाळूला पत्र

प्लेनो, टेक्सास
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय बाळू,

तुझं पत्र पोचलं. भात कापणीला आलेलं, रानडुकरं रोज रात्री शेतात, आणि नेमकी आचारसंहिता लागल्यामुळे अण्णांची बंदूक पोलीस ठाण्यात. लोकसभेला एकदा जमा केलीत, आता विधानसभेला पुन्हा. अण्णा काय काय बोलले असतील ते मी इथे बसून ऐकू शकतो. आणि शेवटी तू विचारलंयस, "तडे वॉलमार्टात बंदुको गावतत ता खरा काय रे?"

खरं आहे. पण दोन ओळींत सांगून कळायचं नाही, म्हणून आज रविवारी सवडीने लिहायला बसलोय.

मागे मी मासेमारीचा परवाना काढायला तिथे गेलो होतो. (हो, इथे तळ्यात गळ टाकायला परवाना लागतो. बंदूक विकत घ्यायला टेक्सासात लागत नाही, आणि २०२१ पासून पिस्तूल कमरेला लावून फिरायलाही लागत नाही. अण्णांना हे जेवण झाल्यावर सांग.) परवाना आणि बंदूक एकाच काउंटरवर मिळतात. कुलूपबंद काचेच्या कपाटात शॉटगन आणि रायफली उभ्या, त्यांना किमतीच्या चिठ्ठ्या, शेजारच्या फळ्यांवर तंबू, गळ, बर्फाच्या पेट्या. माझ्यापुढे साठीचा एक गृहस्थ शॉटगन घेत होता. काउंटरवरची बाई त्याच्याकडून फॉर्म भरून घेत होती. फॉर्म ४४७३ म्हणतात त्याला. ही बंदूक स्वतःसाठीच घेताय ना? गंभीर गुन्ह्यात कधी दोषी ठरलात? घरच्या माणसाला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालीय? गांजा ओढता? सगळ्याची उत्तरं खरेदीदारानेच द्यायची. मग एफबीआयकडे नाव पाठवलं, थोड्या वेळात होकार आला. मॅनेजर आला, खोकं स्वतः उचललं, गृहस्थाला दारापर्यंत सोडलं आणि बाहेर गेल्यावर त्याच्या हातात दिलं. बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला गोड्या पाण्यातले मासे की खाऱ्या?"

आता यातली मेख बघ. अण्णांची बंदूक कुठली, नंबर काय, काडतुसं किती, हे कलेक्टर कचेरीत लिहिलेलं आहे. म्हणून निवडणूक आली की एका नोटिशीवर जिल्ह्यातल्या बंदुका ठाण्यात येतात. इथल्या सरकारला तशी नोटीस काढायची म्हटली तरी ती पाठवणार कुणाला? कुणाकडे कोणती बंदूक आहे याची यादी केंद्र सरकारने ठेवायची नाही, असा १९८६ चा कायदा आहे. गुन्ह्यात बंदूक सापडली तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावी एक सरकारी केंद्र आहे, तिथली माणसं आधी कारखान्याला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला, आणि दुकानदार आपल्या दप्तरातून तो ४४७३ शोधून काढतो. बंद पडलेल्या दुकानांची दप्तरं त्या केंद्राकडेच येऊन पडतात. ती स्कॅन करतात, पण नाव टाकून शोधण्याची सोय मात्र ठेवायची नाही.

म्हणजे सरकारचा आणि बंदुकीचा संबंध येतो तो त्या काउंटरवर, एकदाच. माणूस दारातून बाहेर पडला की संपलं. पुढे त्याने ती शेजाऱ्याला विकली तर केंद्र सरकारच्या कायद्याने चौकशीसुद्धा लागत नाही. म्हणून इथे दुकानाचं महत्त्व इतकं. वर्तमानपत्रं वाचून वाटतं की भांडण संसदेत आहे. मला विचारशील तर ते गेली काही वर्षं काउंटरवर आलंय.

वॉलमार्टचंच बघ. पिस्तुलं त्यांनी १९९३ मध्येच बंद केली, फक्त अलास्कात ठेवली. २०१५ मध्ये लष्करी धाटणीच्या रायफली काढल्या, तेव्हा कारण दिलं की गिऱ्हाईक नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले, आणि दोनच आठवड्यांत डिक्स स्पोर्टिंग गुड्स या खेळाच्या सामानाच्या मोठ्या साखळीचा प्रमुख एड स्टॅक उभा राहिला. गोळ्या घालणाऱ्या मुलाने काही महिन्यांपूर्वी त्यांच्याच दुकानातून एक शॉटगन घेतली होती. हत्याकांडात ती वापरली नव्हती, विक्रीही कायदेशीर होती. पण स्टॅकचं म्हणणं, सगळे नियम पाळूनही आम्ही त्याला बंदूक विकलीच ना? त्याने त्या रायफली बंद केल्या, २१ च्या खालच्यांना बंदूक नाही असं ठरवलं, आणि उरलेला सुमारे ५० लाख डॉलरचा माल परत न करता मोडीत काढला. त्याच दिवशी वॉलमार्टनेही वय २१ केलं. केंद्राचा कायदा लांब नळीच्या बंदुकीला अजून १८ च म्हणतो. ओरेगॉनमधल्या २० वर्षांच्या एका पोराने लगेच दोन्ही कंपन्यांवर वयावरून भेदभाव केल्याचा दावा ठोकला.

मग ३ ऑगस्ट २०१९. एल पासोच्या वॉलमार्टात शनिवारी सकाळी एकाने मेक्सिकन माणसं हेरून गोळ्या घातल्या. २३ माणसं गेली. मारणारा २१ वर्षांचा, आमच्या शेजारच्या ॲलन गावचा. दहा तासांहून जास्त गाडी चालवत गेला होता. महिन्याभरात डग मॅकमिलन या वॉलमार्टच्या प्रमुखाने जाहीर केलं की पिस्तुलाच्या आणि लष्करी धाटणीच्या रायफलींना चालणाऱ्या गोळ्या बंद, अलास्कातली पिस्तुलंही बंद, आणि कृपा करून दुकानात उघडी बंदूक घेऊन येऊ नका. विनंती हं, बंदी नाही. तोवर एक महाभाग मिझुरीतल्या वॉलमार्टात चिलखत घालून, रायफल लटकवून फिरून आला होता. का, तर आपला घटनात्मक हक्क दुकान मानतं का ते तपासायला! देशातल्या काडतुसांच्या बाजारात वॉलमार्टचा वाटा सुमारे २० टक्के होता. तो ६ ते ९ टक्क्यांवर येईल असा त्यांचाच अंदाज होता.

माझा इथला एक सहकारी, बंदूकवाला, सज्जन माणूस, तेव्हा मला म्हणाला, "गोळ्या बंद झाल्या नाहीत, फक्त पुढच्या सिग्नलच्या दुकानात गेल्या." त्याचं खरं आहे. आणि कंपनीचं मन कधी फिरेल सांगता येत नाही, हेही खरं. २०२० च्या ऑक्टोबरात, निवडणुकीच्या तोंडावर दंगलींच्या भीतीने वॉलमार्टने बंदुका मांडणीवरून आत नेऊन ठेवल्या, आणि दुसऱ्याच दिवशी परत मांडल्या. २००६ मध्ये तर त्यांनी शेकडो दुकानांतून बंदुका काढल्या होत्या, आणि २०११ मध्ये धंदा मंदावल्यावर पुन्हा आणल्या. ही काही लोकांनी निवडून दिलेली माणसं नव्हेत. आज यांनी बंद केलेलं मला आवडतं, उद्या दुसरं काही बंद करतील ते आवडणार नाही.

तरीही मी काउंटरवरच्या माणसाच्या बाजूने आहे. त्याचं कारण सांगतो. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरात आठवड्याच्या आत तीन जणांनी, एकमेकांशी काही संबंध नसताना, एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि काही तासांतच आत्महत्या केली. फॉर्म तिघांचेही बरोबर. दुकानदार हादरला. त्याने आणि तिथल्या आरोग्यवाल्यांनी मिळून दुकानदारांसाठी सूचना काढल्या. गिऱ्हाईक पहिल्यांदाच बंदूक घेतंय, कुठली ते चालेल म्हणतंय, साफ कशी करायची ते विचारतही नाही, डोळे लाल आहेत, तर विकू नका. कायद्याने हो म्हटलं तरी दुकानदार नाही म्हणू शकतो. ही युक्ती नंतर इतर राज्यांनीही उचलली, आणि ती बंदूकवाल्यांनीच चालवली म्हणून कुणी शिव्या दिल्या नाहीत. आपल्याकडे बातम्यांत शाळेतला गोळीबार दिसतो, पण २०२१ मध्ये इथे बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या.

आता याच्या उलट टोक ऐक. गेल्या वर्षभरात अलाबामा, ओक्लाहोमा आणि आमच्या टेक्सासात किराणा दुकानांत काडतुसांची यंत्रं लागली. ओळखपत्र दाखवायचं, यंत्र चेहरा ताडून बघतं, वय बसलं की डबा खाली. त्या यंत्राला वय ओळखता येतं. लाल डोळ्यांचं काय करायचं ते त्याला कोण सांगणार?

राजकारणाचं थोडक्यात. २०२२ मध्ये टेक्सासातल्याच युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं मारली गेल्यावर संसदेने जवळजवळ तीस वर्षांतला पहिला मोठा कायदा केला, २१ च्या खालच्यांची जास्त चौकशी वगैरे. त्याच आठवड्यात सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना नियम रद्द केला, पिस्तूल घेऊन बाहेर फिरायचं तर खास कारण दाखवा, असा तो नियम होता. बंदुकीच्या दुकानांना कार्ड कंपन्यांनी वेगळा संकेतांक द्यावा, म्हणजे कार्डावर तिथे केलेली खरेदी ओळखू येईल, हा वाद आता नवा. कॅलिफोर्नियाने तो सक्तीचा केला, टेक्सासने त्यावर बंदी घातली. आणि डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस गेल्या महिन्यात भर वादसभेत म्हणाल्या की माझ्याकडेही बंदूक आहे. 

तुला वाटेल, याला इतकी माहिती कशाला? मे २०२३ मध्ये ॲलनच्या मॉलमध्ये गोळीबार झाला. आठ जण गेले, त्यात हैदराबादची एक तरुण इंजिनिअर मुलगी होती. भारतातून आईवडील आले की आम्ही सगळे त्यांना त्याच मॉलमध्ये नेतो, बुटांच्या आणि बॅगांच्या दुकानांत. मागे तू आलास तेव्हा वहिनींसाठी पर्स घेतलीस ना, तोच. तेव्हापासून इथल्या मराठी माणसांच्या गप्पांत हा विषय आला, त्याआधी नव्हता. आमच्यातल्या दोघांनी नंतर पिस्तुलं घेतली. मंडळाच्या दिवाळीला हल्ली दारात पगारी पोलीस उभा असतो.

काल सईला मैत्रिणीच्या घरी रात्री राहायला बोलावलं होतं. इथे आता पद्धत पडलीय, पोर पाठवण्याआधी विचारायचं. बायकोने जरा संकोचूनच फोन केला, घरात बंदूक आहे का, कुलपात असते का? ती आई मुळीच रागावली नाही. दोन रायफली आहेत, तिजोरीत, गोळ्या वेगळ्या कपाटात, म्हणाली. मग तिने उलट विचारलं, "आणि तुमच्याकडे?" बायको म्हणाली, आमच्याकडे नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती बाई म्हणाली, "अगदीच एकही नाही?"

फराळाचा डबा पाठवू नकोस, कस्टममध्ये अडकतो. अण्णांना, वहिनींना नमस्कार. पोरांना दिवाळीच्या शुभेच्छा.

तुझा,
विन्या