टपालाची औषधं आणि कोपऱ्यावरचं मेडिकल

ती. काका,
शि. सा. न. वि. वि.

अमेरिकेत गोळ्या टपालाने घरपोच येतात, मग गावातली मेडिकलं टिकतात कशी, असं तुम्ही विचारलंत. तुमचा जन्म काउंटरमागे गेला, म्हणून सरळ नियमच सांगतो.

पासष्टीच्या पुढच्यांसाठी इथे मेडिकेअर ही सरकारी योजना आहे. तिचा औषधांचा भाग, पार्ट डी, 2006 साली सुरू झाला. प्लॅन खासगी विमा कंपन्या चालवतात, अटी सरकारच्या. शहरात शंभरातल्या 90 सभासदांना 2 मैलांच्या आत, उपनगरात 90 जणांना 5 मैलांच्या आत आणि खेड्यात 70 जणांना 15 मैलांच्या, म्हणजे 24 किलोमीटरच्या आत, प्लॅनच्या यादीतलं दुकान हवं. या मोजणीत टपालवाली कंपनी धरत नाहीत. हे फार चांगलं केलंय. नाहीतर एक गोदाम दाखवून अख्ख्या राज्याची सोय कागदावर झाली असती.

पण खेड्यातल्या उरलेल्या 30 जणांना कितीही लांब जावं लागलं तरी नियम मोडत नाही. शिवाय यादीतलं प्रत्येक दुकान अंतरात मोजतात, आणि कमी को-पे, म्हणजे सभासदाने औषधामागे स्वतः भरायचा हिस्सा, मात्र प्लॅनने 'पसंतीच्या' ठरवलेल्या दुकानांतच. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाने नियम पुरा करायचा आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. हे मला पटत नाही. 90 दिवसांच्या गोळ्या दुकानातून घ्यायची मुभा प्लॅनला द्यावीच लागते, फक्त टपालापेक्षा जास्त पडतील ते पैसे सभासदाचे.

दुकानदाराला खरा फटका बसतो तो दरात. दर ठरवते विमा कंपनीची मध्यस्थ, आणि कधी तो खरेदीभावाच्याही खाली असतो. आर्कान्सा राज्याने 2015 साली कायदा केला की असं असेल तर दुकानदार ते औषध द्यायला नकार देऊ शकतो. डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला. मेडिकेअरमध्ये पूर्वी विक्रीनंतर काही महिन्यांनीही दुकानदाराच्या पैशांत कपात यायची. 1 जानेवारी 2024 पासून ती औषध देतानाच हिशेबात धरावी लागते. दर त्याने वाढला नाही, निदान तोटा त्याच दिवशी कळतो.

आता आत्यांचं. ग्रीन कार्डावर त्यांची इथली सलग पाच वर्षं भरत आली, म्हणजे मेडिकेअर घेता येईल. डॉक्टरांकडून दोन चिठ्ठ्या घ्यायच्या: 30 दिवसांची जवळच्या दुकानाला, 90 दिवसांची टपालाला, दोन्ही एकाच दिवशी. टपालवाले डॉक्टरांना शंका विचारतात, त्यात दिवस जातात. ते आधीच उरकलेलं बरं. पहिल्या गोळ्या तीन-चतुर्थांश संपेपर्यंत बहुतेक प्लॅन पुढच्या मंजूर करत नाहीत. पुढे रोज एक गोळी असेल तर 90 गोळ्यांच्या डबीत 21 उरल्या की लगेच ऑर्डर द्यायची. घर बदललं तर पत्ता डॉक्टरकडे आणि टपालवाल्यांकडे, दोन्हीकडे कळवायचा. अँटिबायोटिक कधीही टपालाने नको.

इन्शुलिन तर दुकानातूनच. न उघडलेलं 2 ते 8 अंशांत राहायला हवं. जुलैत दारात पडलेल्या खोक्यातला बर्फाचा पॅक दुपारपर्यंत कोमट होतो, जानेवारीत आतलं गोठतं, आणि गोठलेलं इन्शुलिन फेकूनच द्यावं लागतं. बिघडलेलं नुसतं बघून ओळखू येईलच असं नाही. मेडिकेअरमध्ये 2023 पासून एका इन्शुलिनला महिन्याला 35 डॉलरच्या वर घेता येत नाहीत, त्यामुळे टपालाने फारसं काही वाचतही नाही.

आत्यांना हे तुम्हीच फोनवर सांगा. त्या तुमचं ऐकतात.

काकूंना सा. न.

तुमचा,
सुहास