मंत्री महोदय, माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी तबला वाजवला नाही

माननीय सांस्कृतिक मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या रविवारी एका संस्थेच्या वार्षिक संगीत पुरस्कार सोहळ्यात माझ्या वडिलांचा सन्मान झाला. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर येत्या नवरात्रातल्या दोन-तीन सुपाऱ्या हातच्या जातील, एवढी अक्कल गोंधळ्याच्या घरात उपजतच असते. पुरस्कार दोन वर्षांपूर्वीचा होता. सभागृह मिळालं नाही, मग आचारसंहिता लागली, मग पाहुण्यांची तारीख जुळेना. आमचे नाना वाट बघून बघून मागच्या श्रावणात गेले. तसं आम्ही संस्थेला दोनदा फोनवर आणि एकदा लेखी कळवलं होतं.

तरीही निवेदिकेनं पुकारलं, "आता सुप्रसिद्ध तबलावादक" आणि नानांचं नाव. "त्यांनी कृपया स्वतः मंचावर यावं."

आईनं माझ्याकडे बघितलं.

साहेब, नाना गेले हे त्यांना माहीत नव्हतं, ते एकवेळ सोडून देतो. पण तबला? नानांनी पंचावन्न वर्षं संबळ वाजवला. गळ्यात अडकवून, उभ्यानं, रात्रभर, दिवटीच्या उजेडात. एक काठी सरळ, एक टोकाला वळलेली. 'उदे गं अंबे उदे' म्हणताना पहिली थाप कुठे पडते आणि आख्यान लागल्यावर हात कसा मोकळा होतो, हे ज्यानं एकदा ऐकलं तो झोपेतसुद्धा याला तबला म्हणणार नाही. पण पत्रिका छापणाऱ्यानं ऐकलेलं नसणार. त्याच्याकडे रकाने होते: शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, भावगीत, गझल, सतार, बासरी, तबला, फ्यूजन, चित्रपट पार्श्वगायन, शिवाय या वर्षीपासून रॅप. आणि शेवटी एक रकाना, 'लोकसंगीत (सर्व)'. त्या कंसातल्या 'सर्व'मध्ये संबळ, हलगी, ढोलकी, दिमडी, तुणतुणं, चौंडकं, तारपा, पावरी, सुंदरी असं सगळं कोंबलंय. एस.टी.च्या टपावर बांधतात तसं.

रॅपवर माझा राग नाही. माझाच पुतण्या करतो आणि बरा करतो. पण कालपरवाच्या रॅपला स्वतंत्र रकाना आणि काही शतकं जुन्या गोंधळाला कंसात जागा, हा न्याय कुठल्या समितीनं केला ते तरी कळू द्या.

तिथे आम्हाला चार मिनिटं दिली होती. वातानुकूलित सभागृहात संबळाचं कातडं उतरतं, त्याला शेक द्यावा लागतो. ध्वनियंत्रणेचा पोरगा म्हणाला, "काका, इथं काडी ओढायला परवानगी नाही." मग मी सभागृहाच्या मागं, जनरेटरशेजारी, रद्दी पेटवून संबळ तापवला. आत येईस्तोवर चारातली दोन मिनिटं संपली होती आणि आपला शुभेच्छा संदेश वाचला जात होता. 'कलावंत हा समाजाचा आरसा असतो' हे त्यातलं वाक्य मला पाठ आहे, कारण गेल्या तीन सोहळ्यांत ते मी तिसऱ्यांदा ऐकलं. लिहून देणारा बदला, किंवा निदान वाक्य तरी बदला.

आता पैशाचं बोलतो. पुरस्काराची रक्कम ११,००० रुपये. चेक नानांच्या नावाचा. बँकेतला माणूस भला होता, पण म्हणाला, मयताच्या नावावर चेक जमा होणार नाही, वारसाचे कागद आणा. ते काढायला वकील, मुद्रांक, प्रतिज्ञापत्र, तालुक्याच्या फेऱ्या धरून ९,००० तरी जातील. सोहळ्याला जायच्या टेम्पोचं भाडं २,८००. आईचं लुगडं, साथीला आलेल्या दोघांचं जेवण. हिशेब तोंडी केलाय, शे-दोनशे इकडेतिकडे होतील, पण सन्मान आम्हाला साधारण दीड हजारानं महाग पडला. नव्या चेकसाठी संस्थेला फोन केला तर उत्तर मिळालं, "ऑडिट झालंय."

आपण म्हणाल, ही खासगी संस्थेची चूक, यात सरकारचा काय संबंध? संबंध असा की संस्थांना वळण वरूनच लागतं. संगीत नाटक अकादमीचे २०१९, २०२० आणि २०२१ असे तीन वर्षांचे पुरस्कार एकदम २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले. २०२२ आणि २०२३ चे पुन्हा एकत्र, २०२४ च्या फेब्रुवारीत. कोरोना होता, मान्य. पण २०१८ चा सन्मान प्रत्यक्ष हातात पडायला २०२२ चा एप्रिल उजाडला, तेव्हा कोरोनाच्या आधीचं वर्ष कुणाच्या टेबलावर पडून होतं? एक लाख रुपये, ताम्रपत्र आणि अंगवस्त्र. सत्तरीतल्या माणसाला चार वर्षं थांबवणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यालाच समजतं. नंतर त्याच अकादमीनं पंचाहत्तरीपुढच्या, तोवर एकही राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या कलावंतांसाठी खास 'अमृत' पुरस्कार काढले. चांगलं केलं. पण म्हणजे पंचाहत्तर वर्षं आपल्याला ही माणसं दिसली नव्हती, याची ती लेखी कबुलीच झाली की!

आणि त्या याद्या वाचून बघा. तिकडे सतार म्हणजे सतार, सरोद म्हणजे सरोद. लोककलेपाशी आलं की बहुतेकदा कलावंताच्या नावापुढे 'लोकसंगीत' आणि राज्याचं नाव. बस्स. वाद्य कुठलं, घराणं कुठलं, गोंधळी कदमराई शाखेचा की रेणुराई, विचारायचं कारणच नाही. संबळ वाजवणाऱ्याला सुरावटीचं अंग नसतं, असं एका विद्वानानं माझ्या तोंडावर सांगितलंय. त्यांना मी आमच्याकडच्या एका गोंधळाला बोलावलं होतं. आले नाहीत.

पुतण्यानं मला मोबाईलवर अमेरिकेतल्या ग्रॅमीची यादी दाखवली. नव्वदाच्या वर विभाग! २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या झाकीरभाईंनी एका रात्रीत तीन ग्रॅमी घेतल्या, राकेश चौरसियांनी दोन. छाती फुगली. पण तिथेही सगळं आलबेल नाही. २०११ साली त्यांनी विभाग १०९ वरून ७८ वर आणले. हवाई बेटांचं संगीत, अमेरिकेतल्या आदिवासींचं संगीत, लुईझियानाचं झायडेको आणि केजन, सगळं एकाच 'प्रादेशिक' पेटीत भरलं. ओळखीचं वाटतंय ना? लॅटिन जॅझवाले मात्र गप्प बसले नाहीत. निदर्शनं केली, कोर्टात गेले. कोर्टात काही हाती लागलं नाही, पण पुढच्याच वर्षी विभाग परत मिळाला. त्याच झाकीरभाईंचं १५ डिसेंबर २०२४ ला निधन झालं आणि दीड महिन्यानं ग्रॅमी सोहळ्यातल्या श्रद्धांजलीच्या चित्रफितीत त्यांचं नाव नव्हतं. साऱ्या जगातून ओरड झाली. त्यांच्यासाठी जग ओरडलं. नानांसाठी आई, मी आणि टेम्पोचा ड्रायव्हर.

विठाबाई नारायणगावकरांचं मी नव्यानं काय सांगू? दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली बाई. फडावर उभी असताना कळा लागल्या, कनातीमागं बाळंत झाली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली. ती २००२ साली गेली तेव्हा दवाखान्याच्या बिलासाठी लोकांना वर्गणी काढावी लागली. आज तिच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं आणि त्याची रक्कम मोठी आहे. तिला त्यातली अर्धी जरी वेळेवर मिळाली असती तर... पण जाऊ द्या, आमच्याकडे माणूस मेल्यावरच त्याचा रकाना तयार होतो.

मानधनाचंही तेच. वृद्ध कलावंतांचं मानधन आता ५,००० झालं, त्याबद्दल आभार, मनापासून. पण नानांच्या अर्जाला जोडायला कलावंत असल्याचा पुरावा मागितला. कार्यक्रमाचे फोटो, वर्तमानपत्रांतली कात्रणं, प्रमाणपत्रं. साहेब, गोंधळ लग्नानंतर यजमानाच्या अंगणात होतो. चौक भरतात, दिवटी पेटवतात, देवीला बोलावतात आणि पहाटे शिधा घेऊन आम्ही निघतो. यात प्रमाणपत्र कोण देणार, भवानी? नाना म्हणाले, "वाजवून दाखवू का?" टेबलामागचा माणूस म्हणाला, वाजवून दाखवायची तरतूद नाही. हे वाक्य मी पत्रासाठी रचलेलं नाही. असंच म्हणाला.

शिक्षण खात्याकडे गेलो तर म्हणतात, कला सांस्कृतिककडे. सांस्कृतिककडे गेलो तर म्हणतात, तुमचं समाजकल्याणमध्ये येतं. म्हणजे आम्ही कलावंत की लाभार्थी, हे अजून ठरलेलं नाही. महोत्सवात विदेशी पाहुणे आले की मात्र फेटा बांधून पहिल्या रांगेत आम्हीच. तेव्हा कुणी कात्रणं मागत नाही.

मागणं फार नाही. सरकारी पैशावर जे पुरस्कार दिले जातात, त्यात वाद्याचं नाव लिहावं आणि गाणाऱ्याबरोबर साथीदाराचंही. ज्या सालचा पुरस्कार त्याच सालात द्यावा. आणि कलावंत मधल्या काळात गेला तर चेक बदलून द्यायची काही सोय असावी. याला कुठली समिती लागत नसेल, असा माझा अंदाज. लागत असेल तर तीत एक तरी संबळवाला घ्या. चहा आमचा आम्ही पिऊ.

चेकची मुदत तीन महिने असते म्हणतात. तारीख सोहळ्याच्या आधीची टाकलेली असल्यामुळे माझ्याकडे आता एकोणीस दिवस उरलेत. स्मृतिचिन्हावर 'तबला' कोरलंय, ते आईनं नानांच्या फोटोजवळ ठेवू दिलं नाही. सध्या टेम्पोत ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. नवं करून देणार असाल तर जुनं आणून देईन, भाडं मी भरेन.

आपला,
एक संबळवाला
(पत्रिकेनुसार 'तबलावादकांचे चिरंजीव')