साक्ष देण्याआधी रिपोर्ट वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एड्सग्रस्त कुटुंबांत सेवेला जाणाऱ्या ख्रिस्ती मंडळींवरून आपल्या वाचकपत्रांत गेले दोन आठवडे जुंपली आहे. एका पत्रलेखकाला त्यात नुसता धर्मांतराचा डाव दिसतो, तर दुसऱ्याने त्यांना थेट देवदूत करून टाकलं आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, सतरा वर्षं समुपदेशक होते. आमच्या घरात पंढरीची वारी आहे, त्यामुळे मला कुणी 'त्यांच्यातली' म्हणणार नाही. दोघांनाही अशा घरात तासभर बसण्याची वेळ आलेली दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आधी त्यांचं श्रेय त्यांना देते. मी नोकरीला लागले त्या सुमाराची गोष्ट. नवरा ट्रकवर होता, तो गेला. मागे बायको पॉझिटिव्ह, पोर निगेटिव्ह, आणि सासू. मी गृहभेटीला गेले तेव्हा चर्चच्या दोन बायका आधीच येऊन बसल्या होत्या. सुनेने चहा केला. त्या घरात सुनेची कपबशी वेगळी असायची. चुकून कुणी घेऊ नये म्हणून सासूने बशीच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होता. गडबडीत तीच बशी दोघींतल्या वयस्कर बाईंच्या हातात गेली. सासूचा चेहरा पडला. बाईंनी बशी उलटी करून ठिपका पाहिला, काही बोलल्या नाहीत, चहा संपवला आणि म्हणाल्या, "अजून अर्धा कप घाल गं." शिवण्याने, ताटावाटीने हा आजार पसरत नाही हे मी त्या सासूला तीन भेटींत समजावलं होतं. पटलं ते त्या अर्ध्या कपाने.

पुढे त्याच बायकांनी तिचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरला, तलाठ्याकडे हेलपाटे घातले. भाऊबंदांपैकी कुणी फिरकलं नव्हतं, आणि आज धर्म बुडाला म्हणून ओरडणाऱ्यांपैकीही कुणी नाही. राज्यात ख्रिस्ती लोक एक टक्कासुद्धा नाहीत. त्यांतल्या चार बायका घरी आल्याने आपला धर्म जात असेल, तर आपण तो फारच सैल बांधलेला आहे.

हे काम आजचंही नाही. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उभं केलं. कुष्ठरोग्याला गाव वेशीबाहेर घालवत होतं त्या काळात मिरजेत त्यांच्यासाठी दवाखाना चालवला तो मिशननेच. एड्सच्या बाबतीतही, रुग्णाला खाटेवर ठेवण्यापेक्षा त्याच्या घरी जाऊन घरच्यांना तयार करायचं, ही पद्धत ज्यांनी रुळवली त्यांत झांबियातलं चिकनकाटाचं रुग्णालय अगदी पुढे होतं, आणि तेही मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं), म्हणजे ख्रिस्ती मंडळींचंच. १९८७ च्या सुमाराची ही गोष्ट. आपल्याकडे १ एप्रिल २००४ ला मोफत एआरटी सुरू झाली तीसुद्धा देशातल्या मोजक्या आठ रुग्णालयांत, मुंबईचं जे. जे. त्यांतलं एक. त्याआधी गरिबाच्या हातात गोळी नव्हतीच. रुग्णाशेजारी बसणारं माणूस हाच उपचार होता. पुढे 'नॅको'ने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने) रुग्णांना ठेवून घेणारी सामुदायिक काळजी केंद्रं काढली, तेव्हा त्यांतली कितीतरी कॅथॉलिक सिस्टरांच्या दवाखान्यांनी चालवली. २०१३ च्या सुमारास ती योजना गुंडाळली गेली आणि खाटाही गेल्या.

आता जे लिहायला बसले आहे ते. प्रार्थनेला माझी ना नाही. माझी तक्रार प्रार्थनेने आजार बरा होतो म्हणणाऱ्या चंगाई सभांबद्दल आहे, आणि तीही एका ठरावीक कागदामुळे.

आमच्याकडे गोळी नियमित घेणाऱ्या रुग्णाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते, तपासतात. औषध चांगलं लागू पडलं असेल तर रिपोर्टवर येतं, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'. आम्ही त्याला 'टीएनडी' म्हणतो. अर्थ एवढाच, की रक्तातला विषाणू यंत्राला सापडण्याइतका उरलेला नाही. तो पेशींत दबा धरून असतोच. गोळी थांबली की काही आठवड्यांत पुन्हा डोकं वर काढतो. पण तो कागद घेऊन एखादी बाई सभेत जाते. तिथे कुणीतरी इंग्रजी वाचणारा 'नॉट डिटेक्टेड' मोठ्याने वाचतो. नाही सापडला! मग टाळ्या, हालेलूया, आणि त्या बाईला माईकसमोर उभं करून साक्ष, म्हणजे देवाने मला बरं केलं असं सगळ्यांना सांगणं. त्या दिवसापासून गोळी बंद, कारण बऱ्या झालेल्या माणसाने गोळी घेणं म्हणजे अविश्वास.

अशी एक बाई पाच महिन्यांनी परत आली. वजन सदतीस किलो. खोकला, रात्रीचा घाम. तपासणीत टीबी निघाला. मी ओरडले नाही, ओरडलं की आलेला माणूस पुन्हा येत नाही. पिशवीतून तिने डबी काढली. सगळ्याच बायका करतात तसं डबीवरचं लेबल खरवडलेलं, आणि एसटीत खुळखुळू नये म्हणून आत कापूस कोंबलेला. पाच महिन्यांपूर्वीच्या गोळ्या तशाच होत्या. "फेकायचा जीव झाला नाही मॅडम," म्हणाली. तिच्या त्या विश्वासाखाली थोडा अविश्वास शिल्लक होता म्हणायचं. ती वाचली. सगळ्या वाचल्या नाहीत.

एचआयव्ही बरा केल्याचा दावा करून औषध विकणं कायद्याने गुन्हा आहे. दावा औषधाविना झाला तर मात्र सगळेच डोळेझाक करतात. हे फक्त ख्रिस्ती सभांतच होतं असं नाही. अंगारा देणारे, भस्म विकणारे आमच्या पट्ट्यात ढिगाने आहेत, त्यांच्याही पायी रुग्ण गमावलेत. पण चर्चच्या बायका दर आठवड्याला घरी जातात, माणसं त्यांचं ऐकतात. शंभर समुपदेशकांना जमणार नाही ते त्या करू शकतात, आणि म्हणूनच 'आता गोळीची गरज नाही' हे वाक्य त्यांच्या मंडळीतून आलं की ते जास्त घातक ठरतं.

दुसरं गाऱ्हाणं फोटोंचं. नाताळात धान्याची पाकिटं वाटायची, विधवांना आणि पोरांना ओळीने उभं करायचं, मागे 'एड्सग्रस्तांना मदत' असा फलक, आणि फोटो पाठवायचे देणगीदारांना. हेतू वाईट नसेल, देणगीदाराला हिशेब दाखवावा लागतो हेही कळतं. पण तो फोटो संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर असतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एखाद्याचा आजार त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. ओळीत उभ्या असलेल्या आठवीतल्या मुलीची संमती कुणी घेतली होती? ती स्वतः निगेटिव्ह होती. सोमवारी शाळेत तिच्या बाकावर कुणी बसलं नाही. डबीवरचं लेबल नखाने खरवडणाऱ्या आईने वर्षानुवर्षं जपलेली गोष्ट एका फलकाने फोडली. (क्रूस रंगवलेली गाडी थेट दारात उभी करण्याबद्दलही हेच. गाडी तिठ्यावर ठेवा, चालत जा.)

त्या पत्रलेखकाने धर्मांतराचा विषय काढला म्हणून सांगते. माझ्या माहितीतल्या काहींनी बाप्तिस्मा घेतला, बहुतेकांनी नाही. त्या नेलपॉलिशवाल्या घरातली सून अजूनही आषाढीला उपास करते आणि नाताळात त्या बाईंकडे जेवायला जाते. कुणी बाईचा नाइलाज पाहून पाकिटाच्या बदल्यात प्रार्थनेची हजेरी मागत असेल तर तो लबाडपणाच, तसं करणारे एक-दोन मीही पाहिलेत. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांनाच गावबंदी करा म्हणणाऱ्यांनी सांगावं, उद्यापासून त्या घरी कोण जाणार? राज्यांमध्ये सर्वाधिक एचआयव्हीबाधित महाराष्ट्रात आहेत, जवळपास चार लाख. केंद्रावरच्या दोन समुपदेशकांना रोजची रांगच उरकत नाही.

निवृत्त होण्याआधी मी सभा घेणाऱ्या एका पाळकसाहेबांना दोनदा भेटले. पहिल्या खेपेला त्यांनी मला बायबलमधलं वचन ऐकवलं. दुसऱ्या खेपेला त्या सदतीस किलोच्या बाईचं, नाव न सांगता, सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, यापुढे कुणी असा रिपोर्ट घेऊन साक्षीला उभं राहिलं तर आधी केंद्रावर पाठवीन, तुमच्याकडून अर्थ समजून घेऊ दे. या गोष्टीला आठ महिने झाले. केंद्रातल्या मुलींना मी अधूनमधून फोन करून विचारते. अजून कुणी आलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक, मिरज
(नाव व पत्ता प्रसिद्धीसाठी नाही)