गुडघ्याला हात लावून तपासा : आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गुडघ्याच्या दुखापतीची तपासणी आणि फिजिओथेरपी तालुक्यापर्यंत पोचवण्याबाबत

मंत्रिमहोदय, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या सिडकोत राहते आणि घरी ब्लाऊज, ड्रेस शिवते. मशीन पायाचं आहे. गेल्या पावसाळ्यात रिक्षातून उतरताना उजवा पाय रस्त्याच्या कडेला अडकला, अंग वळलं आणि गुडघ्यात कट्कन आवाज झाला. संध्याकाळपर्यंत गुडघा इतका सुजला की सलवार वर सरकेना. हे दुखणं माझ्या एकटीचं असतं तर तुम्हाला पत्र लिहिलं नसतं. पण दवाखान्यांच्या बाकांवर निफाडकडच्या द्राक्षबागेत राबणाऱ्या, लासलगावला उकिडवं बसून कांदा निवडणाऱ्या, सुरगाण्याहून पहाटेची एसटी धरून आलेल्या बायका भेटल्या. गुडघा धरूनच प्रत्येक जण बसलेली होती. आणि एक वाक्य जवळजवळ प्रत्येकीने ऐकलं होतं : ‘हाड मोडलेलं नाही, गोळ्या घ्या.’

मलाही पहिल्या रुग्णालयात तेच सांगितलं. एक्स-रे काढला, डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, पेनकिलर आणि क्रेप बँडेज लिहून दिलं. माझ्या गुडघ्याला कोणाचा हात लागला नाही. साहेब, एक्स-रेमध्ये हाड दिसतं. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा म्हणजे लिगामेंट दिसत नाही, दोन हाडांमधली गादीही दिसत नाही. वळताना आवाज होणं आणि काही तासांत गुडघा टम्म फुगणं, याचा अर्थ आत रक्त उतरलं असण्याची दाट शक्यता असते, आणि बऱ्याचदा त्यामागे पुढचं लिगामेंट म्हणजे एसीएल फाटलेलं असतं. ते ओळखायची लॅकमन नावाची तपासणी आहे. गुडघा थोडासा वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. दुसऱ्या पायापेक्षा ती जास्त पुढे सरकली, कुठे अडली नाही, की समजायचं. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. ताज्या सुजेवर ती नीट करता येत नाही, पण म्हणूनच आठवड्या-दहा दिवसांनी रुग्णाला परत बोलवायचं असतं. मला कोणी परत बोलावलं नाही. माप न घेता मी कधी कापडाला कात्री लावत नाही. गुडघ्याला हात न लावता गोळ्या कशा दिल्या जातात, हे मला आजही कळलेलं नाही.

पुढे जिना उतरताना गुडघा मधूनच निसटायला लागला. दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथे आधी एमआरआय, मग ‘एसीएल गेलंय, ऑपरेशन करा, पॅकेज काउंटरवर सांगतील.’ तिसऱ्या ठिकाणी तोच रिपोर्ट पाहून ‘ऑपरेशन कशाला, वजन कमी करा, मांडी घालू नका, जिने टाळा, कमोड वापरा.’ दोघांनीही आपण असं का म्हणतो ते सांगितलं नाही. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि संडास साधा, उकिडवं बसायचा. घरातलं सोडा. ज्या ओपीडीत मला कमोड वापरायला सांगितलं, तिथल्या बायकांच्या स्वच्छतागृहातही भारतीय पद्धतीचंच भांडं होतं आणि भिंतीला धरायला साधा दांडाही नव्हता. माझ्यासोबत आलेल्या शेजारणीने मला काखेत धरून बसवलं आणि उठवलं. हाडांच्या विभागाशेजारी असं स्वच्छतागृह असू नये. हे मी चिडून लिहिते आहे, आणि चिडण्यासारखंच आहे.

या सगळ्या काळात पाय वापरात नव्हता. एके दिवशी मी शिवणाची टेप घेऊन दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. उजवी डावीपेक्षा दीड इंचाने बारीक भरली. बायकांची मापं घेण्यात माझं आयुष्य गेलं आहे, टेप खोटं सांगत नाही. गुडघा दुखला, सुजला की मांडीचा पुढचा स्नायू झपाट्याने आटतो, आणि तो आटला की गुडघ्याला आधार उरत नाही. हे रोखण्याचा उपाय व्यायाम आहे, आणि व्यायाम म्हणजे झेरॉक्स केलेला चित्रांचा कागद नव्हे. मला जो कागद मिळाला त्यातली निम्मी चित्रं काळी आली होती.

शेवटी एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने मला टेबलावर झोपवलं, दोन्ही गुडघे हाताने तपासले आणि काय फाटलंय, काय शाबूत आहे ते मराठीत सांगितलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायला लावली, आणि माझा स्नायू आखडतोय की नाही हे बोटांनी चाचपून पाहिलं. म्हणाली, आधी गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, मग ताकद, मग जिना. ऑपरेशनचा निर्णय त्यानंतरही घेता येईल. मात्र गादीचा तुकडा अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर थांबायचं नसतं, हेही तिनेच सांगितलं. 2010 मध्ये स्वीडनमधल्या 121 तरुण रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ज्यांना आधी व्यायाम देऊन गरज पडली तरच ऑपरेशन करायचं ठरवलं, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना दोन वर्षांत ऑपरेशन लागलं नाही. पण तिथे व्यायाम म्हणजे देखरेखीखालचा, महिनोन्‌महिने चाललेला उपचार होता. मला तिच्याकडे एका वेळी जेवढे पैसे द्यावे लागतात, तेवढ्यासाठी मी दोन साधे ब्लाऊज शिवते. आणि मशीन तर पायाचं.

15 ऑगस्ट 2023 पासून तुमच्या खात्याच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, उपचार मोफत झाले. त्याचं मोल आमच्यासारख्यांना चांगलं ठाऊक आहे, आणि त्याबद्दल मनापासून आभार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने अनेकांची मोठी ऑपरेशनं झाली. पण ती योजना रुग्णालयात दाखल होण्याभोवती बेतलेली आहे. गुडघ्याचा उपचार बहुतांश दाखल होण्याच्या आधी आणि घरी सोडल्यानंतर चालतो. ऑपरेशन झालं तरी नंतरचा व्यायाम महिनोन्‌महिने करावा लागतो, नाहीतर गुडघा आखडतो. सुरगाण्याच्या बाईने त्यासाठी आठवड्यातून तीनदा नाशिकला यायचं कसं? रोजगार बुडवून, दुखऱ्या पायाने एसटीत उभं राहून?

म्हणून माझी मुख्य मागणी ही आहे की प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात, आणि शहरातल्या आरोग्य केंद्रांत ठरलेल्या वारी तरी, फिजिओथेरपिस्ट बसावा. एक खोली, एक टेबल, थोडी वजनं, रबरी पट्टे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आमच्याच नाशकात आहे. राज्यभरातल्या अनेक कॉलेजांच्या फिजिओथेरपीच्या पदव्या इथून दिल्या जातात, आणि त्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप असते. त्यातला काही काळ अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरीला का असू नये? वैद्यकीय शिक्षण हे वेगळं खातं आहे याची मला कल्पना आहे. पण दोन खात्यांना एका टेबलाशी बसवणं मला जमणार नाही, तुम्हाला जमेल.

दुसरं, कागदांचं. मी माझ्या नोंदी मागितल्या तेव्हा ‘फाईल इथेच राहते’ असं उत्तर आलं. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमावलीत रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात असं स्पष्ट आहे. 2021 मध्ये राज्याने शुश्रूषागृह म्हणजे नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारून रुग्णहक्कांची सनद आणि दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. मी फिरले तिथे मला सनद दिसली नाही. नियम आहेत, ते पाळले जातात का हे पाहायला माणूस पाठवा. आणि प्रत्येक रुग्णाला निघताना दोन ओळी मराठीत लिहून मिळाव्यात : काय झालंय, आणि परत कधी यायचं.

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला मोठी वैद्यकीय तयारी होईल. रामकुंडाच्या, कुशावर्ताच्या ओल्या पायऱ्यांवर लाखो लोक उतरतील, त्यात म्हातारी माणसं असतील, पाय मुरगळतील, गुडघे वळतील. त्या आराखड्यात हाडांच्या डॉक्टरांसोबत फिजिओथेरपिस्टची पदं आणि टेबलं धरा. आणि मेळा संपल्यावर ती परत न नेता जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांना कायमची द्यायची, असा आदेश आताच, पदं भरतानाच काढा.

आपली,
सिडको, नाशिक येथील एक शिवणकाम करणारी