घोड्यांना लोळायला मऊ जमीन हवी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या दैनिकातील वाचकपत्रांत एका वाचकांनी लिहिले होते की, साताऱ्याहून माहुलीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका शेतात त्यांना शेपटीपासून कपाळापर्यंत चिखलाने माखलेली पांढरी घोडी दिसली, आणि जनावराचे असे हाल करणाऱ्या मालकावर कायद्याने कारवाई झाली पाहिजे. त्यांनी केलेल्या वर्णनावरून ती घोडी आमचीच, हे मी लगेच ओळखले. अनोळखी जनावरासाठी वेळ काढून पत्र लिहिणारी माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत याचे मला मनापासून समाधान वाटले, आणि म्हणूनच त्यांना सविस्तर उत्तर देणे हे मी माझे कर्तव्य समजते.

आमच्या घराला घोडा नवा नाही. माझे सासरे सातारा शहरात टांगा चालवीत असत. टांगे गेले, परंतु घोडा सांभाळण्याची रीत घरात टिकून राहिली. सध्या आमच्याकडे असलेली पाखरी ही नुकरा घोडी आहे, म्हणजे तिचे केस पांढरे आणि केसांखालची कातडी गुलाबी आहे. अशा कातडीला ऊन लवकर बाधते, नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांच्या कडांना तर फारच लवकर. तिला चिखलाची विलक्षण आवड आहे. पावसाची सर येऊन गेली आणि बांधाकडेच्या खोलगट जागेतली काळी माती भिजून लोण्यासारखी मऊ झाली की, दावणीवरून सुटेपर्यंत ती पुढचा पाय आपटत राहते.

सोडल्यावर ती थेट धावत जाऊन अंग टाकत नाही. आधी मान खाली घालून जमीन हुंगते, खुराने उकरून पाहते, एक-दोन फेऱ्या मारते आणि मग गुडघे मोडून एका कुशीवर पडते. मान, खांदा, पाठ हे सारे मातीत घासून घेते, चारही पाय हवेत करून दुसऱ्या कुशीवर जाते, आणि शेवटी पुढचे पाय रोवून उभी राहते. (गाय-बैल उठताना आधी मागचा भाग उचलतात, घोडा आधी पुढचा, त्यामुळे गुरांची सवय असलेल्या माणसाला घोड्याची ती धडपड पाहून त्याला काही इजा झाली असावी असे वाटू शकते.) उभी राहिल्यावर ती डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळे अंग जोरात झाडते, फुरफुरते आणि चरायला लागते. हे अंग झाडणे लक्षात ठेवण्यासारखे आहे, त्याविषयी पुढे लिहिते.

घोडा लोळतो याला कारणे आहेत. घोड्याला घाम फार येतो, आणि खोगिराखाली व पट्ट्याखाली तो वाळला की तिथे खाज सुटते. स्वतःच्या पाठीपर्यंत त्याचे तोंड किंवा पाय पोहोचत नाही, म्हणून तो जमिनीचा आधार घेतो. थंडी सरताना जुने केस गळू लागतात, तेव्हाही हीच गरज असते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत गोमाश्या, डास आणि चिलटे यांचा जो त्रास होतो, त्यापासून अंगावर वाळलेला मातीचा थर बऱ्याच अंशी बचाव करतो, आणि गुलाबी कातडीच्या घोडीला तो उन्हापासूनही राखतो. तेव्हा रस्त्यावरून जे हाल वाटले, ती त्या घोडीने स्वतःसाठी करून घेतलेली सोय होती.

अर्थात, घोडीने चिखल लावून घेतला की मालकाचे काम संपत नाही. तेथूनच ते सुरू होते. ओला चिखल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने रोजच्या रोज धुऊन काढण्याचा मोह अनेकांना होतो. आम्ही तसे करीत नाही, कारण पाण्याबरोबर माती केसांच्या मुळाशी जाते आणि कातडी सतत ओली राहते. चिखल पूर्ण वाळू द्यावा, मग रबरी खरारा गोलाकार फिरवून तो सुटा करावा आणि केसांच्या दिशेने ब्रशने झाडून टाकावा. लोखंडी खरारा हाडाळ भागावर, म्हणजे पायांवर आणि तोंडावर, कधीही वापरू नये. तेथे मऊ ब्रश किंवा स्वच्छ गोणपाट पुरेसे असते. खोगीर ठेवायच्या जागेवर आणि पट्ट्याखाली मातीचा कणही राहता कामा नये, कारण तेवढ्यानेच पाठीला जखम होते आणि ती भरून यायला फार दिवस लागतात. वरातीच्या आधी घोडी शुभ्र दिसावी म्हणून तिला कपडे धुण्याच्या पावडरीने घासण्याची पद्धत मी स्वतः पाहिली आहे. त्याने कातडीवरचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि कोंडा, खाज व चट्टे मागे राहतात. चिखलापेक्षा ही पावडर कितीतरी अधिक घातक आहे.

पायांची तपासणी मात्र चिखल असो वा नसो, रोज करावी लागते. खुराच्या वरच्या बाजूला, मागच्या खळग्यात ओलावा साठून राहिला तर कातडी मऊ पडते, तिला भेगा जातात, जिवाणूंचा संसर्ग होतो आणि केसांखाली खपल्या धरतात. दुर्लक्ष झाले तर पाय सुजतो आणि घोडे लंगडू लागते. खुराच्या तळाशी जो रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याच्या खाचांत शेण आणि चिखल अडकून राहिला तर तेथे काळा, अत्यंत दुर्गंधी स्राव सुरू होतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ चारही पाय उचलून खूर कोरून काढायचे, वास घेऊन पाहायचा, हे काम आमच्याकडे चुकत नाही. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासून नाल पाहावी लागते, आणि त्यासाठी चांगला नालबंद मिळणे आमच्या भागात दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, तेव्हा त्याची लस वेळेवर टोचलेली असलीच पाहिजे.

येथे एक भेद स्पष्ट करते. घोड्याने चिखलात लोळणे आणि घोडा रात्रंदिवस चिखलातच उभा असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीविषयी त्या वाचकांनी तक्रार केली असती तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते. पाखरीचा गोठा मुरूम टाकून उंच केलेला आहे, त्याला उतार आहे आणि तिच्या बसण्याची जागा कोरडी असते. तिची वैरणही जमिनीवर टाकली जात नाही, कारण गवताबरोबर वाळू-माती पोटात जाऊन आतड्यात साठते. पावसाळ्यात बुरशी धरलेला कडबा घोड्याला घालणे तर फारच धोक्याचे आहे. चिपळूणच्या छावणीतील लष्कराला शिवाजी महाराजांनी जे पत्र लिहिले, त्यात दाणा, रतीब आणि गवत पावसाळाभर पुरवून वापरण्याची ताकीद आहे. आमच्या घरी त्या पत्राचे नाव निघते ते दरवर्षी मे महिन्यात, वैरण रचून झाकताना.

आता अंग झाडण्याविषयी. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात वायू धरला किंवा चारा अडकला तर ते दुखणे प्राणघातक ठरू शकते, आणि पोटशूळ झालेला घोडाही लोळतो. लोळणाऱ्या घोड्याकडे पाहून हा फरक ओळखता येणे, हे घोडे पाळणाऱ्याचे पहिले शिक्षण असले पाहिजे. आनंदाने लोळलेला घोडा उठतो, अंग झाडतो आणि खायला लागतो. पोट दुखणारा घोडा उठतो आणि लगेच पुन्हा पडतो, बहुधा अंग झाडत नाही, वळून वळून कुशीकडे पाहतो, पोटावर लाथ मारतो, ओठ वर ओढतो, श्रम केलेले नसताना घामाघूम होतो आणि वैरणीला तोंड लावत नाही. त्याची लीद कमी होते किंवा बंद होते. निरोगी घोड्याच्या नाडीचे ठोके विश्रांतीत मिनिटाला साधारण 28 ते 44 असतात आणि तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजायला घरातल्या लहान मुलालाही शिकवता येते. ठोके बरेच वाढलेले आढळले तर चारा काढून घ्यावा आणि पशुवैद्यकांना त्वरित बोलवावे. बांबूच्या नळीने तेल किंवा काढा पाजण्याची जुनी सवय सोडली पाहिजे, कारण तो द्रव फुप्फुसात गेला तर आजार राहतो बाजूला आणि जनावर त्यानेच दगावते. पशुवैद्यकीय सेवेसाठी 1962 हा क्रमांक आहे, आणि आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे, ही माहिती प्रत्येक घोडेवाल्याकडे असावी.

ज्या कायद्याचा उल्लेख त्या वाचकांच्या मनात असावा, तो प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम 1960 सालचा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये जनावराला अवाजवी काळ, अवाजवी आखूड दोराने बांधून ठेवणे हा गुन्हा मानलेला आहे. लग्नसराईत आपल्या शहरांत काय दिसते ते आठवून पाहावे. अंगावर जरीची झूल घातलेली, धुऊन पांढरीशुभ्र केलेली घोडी मंगल कार्यालयाच्या मागे, सिमेंटच्या फरशीवर, वीतभर दोराने खांबाला बांधलेली असते. वरात संपल्यावर घामाने भिजलेल्या अंगाने ती पुन्हा तेथेच उभी राहते, आणि रात्री टेम्पोतून दुसऱ्या कार्यालयाकडे जाते. तिच्या अंगावर मातीचा डाग नसल्यामुळे तिच्याविषयी कोणी पत्र लिहीत नाही. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडले, या प्रश्नांचे उत्तर आपण सर्वांनी लहानपणी पाठ केलेले आहे. त्या घोडीलाही कोणी फिरवत नाही, आणि अंग टेकायला तिला जमीनही मिळत नाही. तिच्या मालकाला दोष देऊन मला थांबायचे नाही, कारण ज्याच्याकडे स्वतःची गुंठाभर जमीनही नाही, त्याने घोडी लोळवायची कोठे?

माझी मागणी आहे ती याच जागेची. मंगल कार्यालये, यात्रांची मैदाने, महाबळेश्वर व पाचगणी येथील घोड्यांचे थांबे अशा ठिकाणी साधारण वीस फूट लांब-रुंद इतकी जागा घोड्यांसाठी मोकळी ठेवावी. तिच्यावर फरशी घालू नये, दगड, काचा आणि तारा वेचून काढाव्यात, नदीची वाळू आणि पोयटा मिसळून माती भुसभुशीत करावी, आणि लीद रोज उचलावी. ही जागा भिंतीला लागून असू नये, कारण लोळता लोळता भिंतीशी अडकलेल्या घोड्याला पाय पसरून उठता येत नाही आणि तो घाबरून स्वतःला इजा करून घेतो. शेजारी पाण्याची टाकी असावी. घोड्याला दिवसाकाठी 25 ते 50 लिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात काम करणाऱ्या घोड्याला त्याहूनही अधिक. ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला यासाठी मोठा खर्च नाही. आपल्याच जिल्ह्यात, फलटण तालुक्यात चांदोबाच्या लिंबाजवळ माउलींच्या पालखीचे उभे रिंगण होते आणि अश्वाच्या टापांखालची माती वारकरी कपाळाला लावतात. ज्या जिल्ह्यात घोड्याच्या पायाखालच्या मातीला एवढा मान आहे, तेथे घोड्याच्या पाठीखाली चार पाट्या माती मिळणे अवघड असू नये.

पर्यटकांनाही एक विनंती आहे. महाबळेश्वरला मुलांना घोड्यावर बसवताना हे ध्यानात ठेवावे की, ओलसर किंवा वाळूची जागा दिसताच घोडा थांबला, मान खाली घालून हुंगू लागला आणि पुढच्या पायाने उकरू लागला, तर तो लोळण्याच्या बेतात आहे. अशा वेळी घोडेवाल्याने त्याला ताबडतोब पुढे चालते करावे, आणि तो गुडघे मोडू लागलाच तर मुलाला तत्काळ उतरवून घ्यावे. त्यासाठी घोड्याला चाबूक मारण्याचे कारण नाही. दिवसातून एकदा खोगीर उतरवून त्याला मनसोक्त लोळू दिले, तर पाठीवर माणूस असताना तो हा प्रयत्न क्वचितच करील.

ज्या वाचकांनी पत्र लिहिले, त्यांनी आमच्याकडे अवश्य यावे. पाखरीचे खूर, पाठ, दात, डोळे आणि तिची पाण्याची टाकी त्यांनी स्वतः तपासावी. पुढे कोणताही घोडा दिसला तर बरगड्या आणि पुठ्ठ्याची हाडे वर आली आहेत का, खूर वाढून वाकडे झाले आहेत का, खोगिराखाली ओली जखम आहे का, जवळ सावली आणि पाणी आहे का, दोर किती लांब आहे, एवढे त्यांनी पाहावे आणि यांपैकी काही आढळले तर नक्की तक्रार करावी. त्या तक्रारीखाली मीही सही करीन.

तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतील. त्याआधी सातारा शहर आणि परिसरातील मंगल कार्यालयांच्या चालकांनी आपल्या आवारातील एक कोपरा फरशीविना मोकळा सोडावा, आणि घोडीचे ठरवताना वधू-वरांच्या घरच्यांनी वरातीनंतर तिला लोळायला जागा कोठे आहे हे कार्यालयात विचारून घ्यावे, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी नम्र विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक अश्वपालक गृहिणी,
माहुली परिसर, सातारा