प्रगतिपुस्तकावरचं भाषेचं नाव

मा. शिक्षण व संस्कृती मंत्री,
रिपब्लिका स्रप्स्का, बान्या लुका
यांस,

स. न. वि. वि.

मी महाराष्ट्रातून लिहिते आहे. बोस्नियाशी किंवा त्या देशातल्या तुमच्या सर्बबहुल स्वायत्त रिपब्लिकाशी माझं ना नातं ना गोत. पण तुमच्या शाळांत बोस्नियाक, म्हणजे बोस्नियन मुसलमान, मुलांच्या प्रगतिपुस्तकावर 'बोस्नियन भाषा' असं न लिहिता 'बोस्नियाक लोकांची भाषा' असं लिहितात, हे कळल्यापासून स्वस्थ बसवत नाही. माझी आजी गोव्याची, कोकणी बोलणारी. 'ही तर मराठीचीच बोली' हे आम्ही मराठी माणसांनी तिला जन्मभर ऐकवलं. 1975 साली साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, 1987 साली ती गोव्याची राजभाषा झाली. मराठीचं त्यात काहीच गेलं नाही.

तुमच्या संविधानात तिन्ही भाषांचा उल्लेख सर्ब, बोस्नियाक आणि क्रोएट 'लोकांची भाषा' असाच आहे, हे मला ठाऊक आहे. मग सर्ब मुलांच्या विषयाला 'सर्बियन भाषा' हे सरळ नाव कसं मिळतं?

बोस्नियन हे नाव 1990 नंतरच्या युद्धात जन्मलं, असं ऐकायला मिळतं. ते खरं नाही. 1436 साली, व्हेनिसच्या ताब्यातल्या कोटोर शहरात एका मुलीची विक्री झाली. तिथल्या दस्तात लेखनिकानं लिहून ठेवलं, की बोस्नियन भाषेत हिला द्येवेना म्हणतात. घर, माणसं, स्वातंत्र्य, सगळं गेलेली पोर. तरी तिच्या भाषेला नाव होतं, आणि ते लिहायला त्या परक्या माणसाचा हात अडला नाही. ही नोंद माझ्या मनातून जात नाही.

पुढे 1611 साली फ्रान्सिस्कन पाद्री मातिया दिव्कोविच यांनी व्हेनिसमध्ये आपलं पुस्तक बोस्नियातल्या सिरिलिक वळणाच्या लिपीत छापलं. आपण बोस्नियन भाषेत लिहितो, असं ते म्हणत. वीस वर्षांनी, 1631 साली, मुहम्मद हेवाई उस्कुफी यांनी तुर्की-बोस्नियन शब्दकोश पद्यात रचला, अरबी लिपीत. एक कॅथलिक, एक मुसलमान. लिप्या दोन, भाषेचं नाव एक. त्याआधी 1189 साली बोस्नियाचा बान, म्हणजे राज्यकर्ता, कुलीन यानं दुब्रॉव्हनिकच्या व्यापाऱ्यांना निर्धास्त फिरण्याची जी सनद दिली, तिच्यावर सर्ब आणि क्रोएटही हक्क सांगतात. खुशाल सांगावा, जुना वारसा सगळ्यांचाच असतो. पण त्या सनदेत कुलीन स्वतःला बोस्नियाचा बान म्हणवतो, हेही वाचायला हवं.

ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळात बोस्नियाचा कारभार पाहणारे बेन्यामिन काल्लाय यांनी 'बोस्नियन' या नावाला सरकारी बळ दिलं. त्यात सर्ब आणि क्रोएट राष्ट्रवादाला शह देण्याचं राजकारण होतं, हे मी नाकारत नाही. 1907 साली सरकारनंच ते नाव काढून 'सर्बो-क्रोएशियन' केलं, तेही राजकारणच. काल्लाय यांच्या कितीतरी आधीपासून माणसं आपल्या भाषेला काय म्हणत होती, ते मात्र दस्तांत आणि पुस्तकांत नोंदलेलं आहे.

या तिन्ही भाषा बोलणारे एकमेकांना सहज कळतात, हेही खरं. शेजारच्याचं बोलणं कळतं म्हणून त्याच्या भाषेचं नाव आपण ठरवायचं का?

बोस्नियातलं युद्ध थांबवणाऱ्या ज्या डेटन करारानं 1995 साली तुमच्या रिपब्लिकाला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली, तो करार बोस्नियन, क्रोएशियन, इंग्रजी आणि सर्बियन भाषांत झाला आहे. त्यात हे नाव चाललं. 2013 साली तुमच्याच रिपब्लिकातल्या कोन्येविच पोल्ये गावच्या बोस्नियाक आईबापांनी मुलांना शाळेतून काढलं आणि आपल्या भाषेचा, आपल्या इतिहासाचा तास मिळावा म्हणून ऐन थंडीत सारायेवोत तंबू ठोकले. त्यांतले कित्येक जण युद्धात घरदार गमावून गावी परतलेले. जिथं आपली माणसं मारली गेली, तिथंच ते पुन्हा राहायला आले आहेत, मुलांना शाळेत घालत आहेत.

त्या मुलांच्या पुढच्या प्रगतिपुस्तकावर 'बोसान्स्की येझिक', म्हणजे 'बोस्नियन भाषा', हे दोन शब्द लिहायला सांगा, एवढंच मागणं आहे.

आपली,
एक मराठी वाचक